मला नका सांगू, त्याला सांगा

रमा साळवे गेली हे मला ज्या माणसाकडून कळलं, त्यानं काही वर्षांपूर्वी आपली मांजर तिच्या दारात आणून टाकली होती. सकाळी चहा ठेवला होता. फोन वाजला म्हणून पाहिलं, तर आमच्या पडेगावच्या प्राणीप्रेमी म्हणवणाऱ्या ग्रुपवर पणतीचं चित्र, जोडलेले हात आणि खाली एक ओळ, ‘मुक्या जीवांची माय हरपली.’ त्याखाली धडाधड श्रद्धांजल्या... मी चष्मा पुसून एकेक नाव वाचत गेले. त्यातली निम्मी माणसं मी रमाच्या अंगणात पाहिलेली होती, आणि ती तिथं काही द्यायला आली नव्हती, टाकायला आली होती. कुणी कुत्रं, कुणी मांजर, एकानं तर पोरीच्या वाढदिवसाला आणलेले ससे. जिवंतपणी ही मंडळी तिला ‘ती कुत्रेवाली’ म्हणायची. मेल्यावर माय केली. तिच्या मुलाचा फोन मला त्यानंतर आला.

आदल्या दुपारी मी दवाखान्यात तिच्याजवळच होते. नाकात नळी, हाताला सुई, आणि डोळे मात्र नेहमीसारखे टक्क उघडे. मला म्हणाली, ‘गुंड्या जेवला का?’ गुंड्या म्हणजे तिच्याकडचा सगळ्यात म्हातारा कुत्रा. मी म्हटलं, जेवला. खोटं होतं ते. ती दवाखान्यात गेल्यापासून तो भाकरी हुंगून तोंड फिरवत होता. ‘अन् तू?’ मीही जेवले म्हणून सांगितलं. ‘मग तोंड पाडून कामून बसलीस? जा घरी.’ हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतर माणसाला याहून जरा बरं काही ऐकायला मिळावं, असं मला वाटतं. पण तिच्याकडून तशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

आमची मैत्रीच भांडणातून झाली. मी तेव्हा गंगापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि रमा त्या मार्गावर एसटीत कंडक्टर होती. बाई कंडक्टर तेव्हा लोकांना नवीन होती. खाकीतली बाई दिसली की पुरुषांच्या जिभेला उगाच खाज सुटायची. रमा ऐकून घ्यायची, गप्प राहायची, आणि पुढचा थांबा आला की त्या माणसासमोर उभी राहून मोठ्यानं विचारायची, ‘मघाशी काय म्हणत व्हतात? आता म्हणा, समद्यांना ऐकू द्या.’ बहुतेकांची दातखीळ बसायची. मी दारात उभी राहते म्हणून पहिल्याच दिवशी माझ्यावर डाफरली. ‘मास्तरीणबाई, पोरांना रांगंत उभं करता ना? मग तुमीबी आत सरका.’ मीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. उतरेपर्यंत आमची जुंपली होती. दुसऱ्या दिवशी चढले तर तिनं माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवलेली. पुढं निवृत्तीच्या सुमाराला दोघींनी पडेगावात एकाच गल्लीत जागा घेतल्या आणि घरं बांधली. तिचा नवरा लवकर गेला होता. मुलगा मिलिंद शिकून पुण्याला लागला होता. तिच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, एक लोखंडी पलंग आणि बाकी सगळी जनावरं.

मला मात्र जनावरांचा सोस कधीच नव्हता, हे इथंच सांगून टाकते. मी धनगराच्या घरातली. आमच्याकडं कुत्रं असायचं ते मेंढरांसाठी. त्याला नाव असे, भाकरी असे. पण त्याला कुणी मांडीवर घेत नसे. म्हातारं झालं म्हणून कुणी त्याला टाकूनही देत नसे. मेंढवाड्याच्या कडेला पडून राहायचं आणि मरेपर्यंत त्याची भाकरी त्याला मिळायची. यात कुणी फार मोठं पुण्य करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यामुळं शहरातल्या लोकांचं हे ‘डॉगी’ प्रकरण माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आधी त्याला स्वेटर शिवायचा, त्याच्या वाढदिवसाला केक कापायचा, पलंगावर घेऊन झोपायचं, त्याचं नाव घेऊन ‘आमचा धाकटा’ म्हणायचं... आणि मग एका सकाळी धाकट्याला गाडीत घालून दौलताबाद रस्त्याला सोडून यायचं. ही माणसं थोरल्याचं काय करत असतील, असा विचार मनात येतोच.

रमाचं हे सगळं सुरू झालं पैठणच्या गाडीत. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. एक नवरा-बायको चढले, चांगले इस्त्रीचे कपडे, हातात झाकण घातलेली वेताची टोपली. टोपलीत पांढरं, केसाळ, मुठीएवढं कुत्रं. रमानं हरकत घेतली, तर बाई म्हणाल्या, शांत आहे हो तो, कुणाला त्रास नाही देणार. रमानं जाऊ दिलं. पैठणला गाडी रिकामी झाली, आणि सीटखाली टोपली तशीच. विसरलेलं सामान माणसाला गाठून परत करायचं, नाही तर स्थानकावर जमा करायचं, ही तिची कायमची पद्धत. टोपली उचलून ती धावत सुटली. स्थानकाबाहेरच्या रसवंतीवर दोघं उसाचा रस पीत उभे. ‘तुमची टोपली राहिली गाडीत,’ रमा म्हणाली. तो माणूस तिच्याकडं बघून म्हणाला, ‘आमची नाही.’ त्याचा आवाज ऐकला आणि कुत्र्यानं झाकणातून डोकं वर काढलं. सगळं अंग हलवत, कुंईकुंई करत त्याच्याकडं झेपावायला लागलं. ‘एकदा सांगितलं ना, आमची नाही म्हणून.’ बाई ग्लासात बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी रमा टोपली घेऊन माझ्याकडं आली. स्थानकावर आजवर छत्र्या, डबे, चपला सगळं जमा झालं होतं, पण जिवंत सामान घ्यायला कुणी तयार नव्हतं. तिनं पाणी मागितलं, आधी त्याला पाजलं आणि मग म्हणाली, ‘माझ्या डोळ्यात बघून खोटं बोलला गं तो. पण कुत्र्याकडं एकदाबी बघितलं नाय. तिकडं बघितलं असतं ना, तर जीभ रेटली नसती त्याची.’ त्या कुत्र्याचं नाव तिनं पाशिंजर ठेवलं. ते पुष्कळ जगलं आणि शेवटपर्यंत टोपली दिसली की पलंगाखाली जाऊन बसायचं.

पाशिंजरची गोष्ट पसरली आणि लोकांना एक पत्ता मिळाला. पडेगावात एक बाई आहे, ती घेते. मग गाड्या यायला लागल्या. रमानं नाही कुणाला म्हटलं नाही, पण एक नियम केला. जो कुणी जनावर सोडायला येईल, त्यानं स्टुलावर बसायचं, जनावराला समोर घ्यायचं, त्याच्या तोंडाकडं बघायचं आणि आपण त्याला का सोडतोय ते त्यालाच सांगायचं. रमाला सांगायचं नाही. ‘मला नका सांगू, त्याला सांगा. घर त्याचं जायलंय.’ एवढं केलं की जनावर तिचं.

हा नियम ऐकायला सोपा आहे. त्या स्टुलावर मी मोठमोठी माणसं घामाघूम झालेली पाहिली. सुरुवातीला ज्यांचं सांगितलं ते श्रद्धांजलीवाले आणि त्यांच्या मिसेस आल्या, ते मला चांगलं आठवतं. घारी, लांब केसांची मांजर आणली होती. अडचण काय? तर नवीन सोफा घेतलाय आणि ही नखं मारते. रमानं स्टूल पुढं केलं. ‘हिच्याकडं बघा अन् हिला सांगा, की बाई, तुझ्यापरीस सोफा चांगला हाय.’ बाई हसल्या. त्यांना वाटलं विनोद आहे. रमा हसत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. नवरा गाडीची किल्ली फिरवत बाजूला उभा होता. शेवटी बाई बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, ‘सॉरी मनू, नवा सोफा आहे ना, तू समजून घे.’ मनूनं पंजा चाटला. बाहेर पडताना बाईंचं बोलणं आम्हाला ऐकू आलं, ‘किती विचित्र बाई आहे ही!’ हे जोडपं आता आमच्या ग्रुपवर रोज सकाळी भूतदयेचे सुविचार पाठवतं. त्यांना मी तेव्हापासून सोफेवालेच म्हणते.

कारणं ऐकून ऐकून मला तर वीट यायचा. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, कुत्र्याला अंघोळ कुठून घालायची? हे सांगणाऱ्याच्या दारात दोन गाड्या, आणि दोन्ही चकचकीत धुतलेल्या. नव्या फरशीवरून याचे पाय घसरतात. मुलीचं लग्न जमतंय, पाहुण्यांना केस आवडत नाहीत. आमच्या मॅडमना आता दुसरी जात हवी आहे. जात हा शब्द कुत्र्याच्या बाबतीत लोक किती मोकळेपणानं वापरतात, याची रमाला फार गंमत वाटायची. ‘आमच्यासमोर बोलताना समाज म्हणतात, अन् कुत्र्याला जात इचारतात,’ ती म्हणायची आणि खो खो हसायची. एका बिल्डरच्या पोरानं तर बर्फातलं कुत्रं आणलं होतं, निळ्या डोळ्यांचं, अंगावर रजईएवढे केस. हे मराठवाड्यात! मे महिन्यात आमच्याकडं डांबर पायाला चिकटतं, आणि या शहाण्यानं ते फोटोत चांगलं दिसतं म्हणून विकत घेतलेलं. उन्हाळा लागला आणि ते धापा टाकायला लागलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे काही खेळणं नाही. रमानं आपल्या खोलीतला कूलर त्याला दिला आणि स्वतः ओट्यावर सतरंजी टाकून झोपली. मी चिडले. म्हटलं, तू मरशील उकाड्यानं. तर म्हणाली, ‘मला सवय हाय. त्याला नाय.’

न्यायला येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना सगळ्यांना पिल्लू हवं. गोरं, गुबगुबीत, शी-शू न करणारं. रमा मुद्दाम आधी तीन पायांची, एका डोळ्याची, म्हातारी कुत्री पुढं आणायची. माणसं दोन पावलं मागं सरकायची. ‘नाही, म्हणजे... आम्हाला जरा लहान हवं होतं.’ रमा म्हणायची, ‘हे बी लहानच व्हतं की.’ मग एखादं कुटुंब टिकायचं. त्यांच्या घरी ती न सांगता जाऊन यायची, अंगण बघायची, घरातल्या म्हातारीशी गप्पा मारायची, आणि म्हातारीला कसं वागवतात ते पाहून ठरवायची. ज्या घरात म्हातारीचा पलंग मागच्या बोळात, त्या घराला कुत्रं नाही. मला हे पटायचं.

त्या स्टुलावर बसून एकच माणूस हरला, आणि त्याचं नाव मी आदरानं घेते. अन्वरभाई, शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या मुलीनं हौसेनं कुत्रं पाळलं होतं. ती लग्न होऊन गेली, आणि घरात नातेवाईक नाराज. अन्वरभाई त्याला घेऊन आले, स्टुलावर बसले, रुमालानं मान पुसली. ‘देख बेटा...’ एवढं म्हणून थांबले. कुत्र्यानं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. मग उठले आणि रमाला म्हणाले, ‘माफ करना बाई. हमारे से नै होता. घरवालों को जो बोलना है, मैं बोल लेता हूं.’ कुत्र्याला घेऊन चालते झाले. रमा दिवसभर खुशीत होती. तो नियम तिनं अशांसाठीच केला होता, हे तेव्हा मला कळलं. तिला जनावरं गोळा करायचीच नव्हती.

आणि मग ब्रूनो. कुणी मोठे अधिकारी होते, नाव सांगण्याची गरज नाही. बदली झाली होती. सोनेरी रंगाचं भलंमोठं कुत्रं, गळ्यात लाल पट्टा, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला शेपूट हलवणारं. रमानं स्टूल पुढं केलं. साहेब म्हणाले, ‘मला असल्या नाटकाला वेळ नाही. घेणार असाल तर घ्या.’ रमा म्हणाली, ‘वेळ नसंल तर घेऊन जा.’ आणि तिनं फाटकाला कडी घातली. साहेब गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं सांगितलं, दौलताबाद रस्त्याच्या वळणावर एक चांगलं कुत्रं मरून पडलंय. आम्ही दोघी गेलो. लाल पट्टा लांबूनच दिसला. गाडीच्या मागं धावलं असणार, दुसरं काय. आम्ही त्याला चादरीत घालून आणलं आणि तिच्या शेडमागं पुरलं. माती ओढताना मी तिला म्हणाले, ‘हे तुझ्या नियमानं मेलं, रमा. कडी काढली असतीस तर आत्ता भाकरी खात बसलं असतं.’ ती माती लोटत राहिली. खरं तर त्या साहेबाला बोलायला हवं होतं. पण असली माणसं कधी हाताला लागत नाहीत, मग बोलणी जवळच्यांनाच खावी लागतात. त्यानंतर आम्ही कितीतरी दिवस एकमेकींशी बोललो नाही. समोरून आली की ती मान खाली घालून जायची. रमानं मान खाली घातलेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

मग एक दिवस पाहिलं, तर तिच्या फाटकाची कडी काढून टाकलेली. आता कुणीही, केव्हाही यावं, जनावर आत ढकलावं आणि जावं. कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. अर्थातच गर्दी वाढली. पळून जायची सोय झाली की माणसाला किती हुरूप येतो, ते मी त्या दिवसांत पाहिलं. नियम मात्र तिनं पुरता सोडला नव्हता. जे बोलणं त्या माणसांनी करायचं, ते आता ती करायची. नवं जनावर आलं की त्याच्यासमोर बसायची, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरायची आणि सांगायची, ‘हे बघ. तुझी माणसं गेली. ती येणार नायत. तू काय चूक केली नायस. आता जेव.’ एवढंच. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि आमचा अबोला तिथं संपला.

गुंड्या असाच आला. कुठल्याशा बंगल्यावर राखणीला होता, तब्येतीनं दांडगा, तोंडावर पांढरे केस आलेला. त्याला घेऊन आलेला ड्रायव्हर फाटकातूनच म्हणाला, ‘याला आता ऐकू येत नाही. साहेबांनी दुसरा आणलाय.’ आयुष्यभर ज्यांच्या दारात भुंकला, त्यांनी कान गेले म्हणून काढून टाकला. रमा त्याच्यासमोर बसली आणि नेहमीचं सांगायला लागली. मला हसू आलं. ‘अगं, बहिरा आहे तो!’ ती म्हणाली, ‘असू दे. तोंड तर बघतोय.’ आणि खरंच, तो तिच्या ओठांकडं एकटक बघत होता. त्या दिवसापासून तो तिच्या मागं-मागं असायचा. ती अंघोळीला गेली तर दाराबाहेर, दुकानात गेली तर फाटकाशी. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हाही तो फाटकाशी येऊन बसला. तिथून उठलाच नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या अंगणात मांडव घातला होता. पांढरे कपडे, पांढरी फुलं, बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा खाकीतला जुना फोटो. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं, प्राणिमात्रांवरच्या मैत्रीबद्दल चार शब्द चांगले बोलले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मग माइक लोकांच्या हाती गेला. सोफेवाले उठले आणि करुणा या विषयावर बोलायला लागले. मनू त्यांच्या खुर्चीमागच्या कठड्यावर बसून ऐकत होती. त्यांनी तिला ओळखलं नाही! दुसरे कुणी म्हणाले, चौकाला त्यांचं नाव द्यावं. मिलिंदनं सांगितलं की आईच्या नावानं ट्रस्ट काढण्याचा विचार आहे. लोकांनी माना हलवल्या.

मला राहवलं नाही. मी उठले, माइक नको म्हटलं, वर्गात बोलायचे तशी बोलले. ‘ट्रस्ट सावकाश काढा. बाकीच्यांना रमानं जाता जाता घरं बघून दिली, पण मागं शेडमध्ये अजून दोन मांजरं आहेत, दोन गावठी कुत्री आहेत आणि फाटकाशी तो म्हातारा आहे. आज संध्याकाळी त्यांना कोण जेवायला घालणार? एकेक घरी घेऊन जा. इतके जण रमाला माय म्हणताय, मग ही तुमची भावंडंच झाली.’ मांडवात स्वयंपाक्याचा झारा कढईला लागलेला तेवढा ऐकू आला. मग एकेक जण सुरू झाले. आमच्या सोसायटीत चालत नाही. मुलाची दहावी आहे. मला ॲलर्जी आहे. आम्ही फूड पाठवू हो, फूड नक्की पाठवू. सोफेवाले फोन कानाला लावून मांडवाबाहेर गेले. जेवणं मात्र सगळ्यांची व्यवस्थित झाली. बुंदी दोनदा वाढावी लागली.

अन्वरभाई मागच्या रांगेत होते. पंगत उठल्यावर माझ्याजवळ आले, म्हणाले, ‘बिल्लियां मैं ले जाता.’ आणि मनूसकट दोन्ही मांजरं कापडाच्या खोक्यातून घेऊन गेले. गावठी कुत्री माझ्या भावानं गंगापूरकडं मेंढवाड्यावर नेली. ती मेंढरांना घाबरतात, असा त्याचा निरोप आहे. राहिला गुंड्या.

मिलिंद पुण्याला परत निघाला त्या दिवशी मला म्हणाला, ‘मावशी, घराचं जवळजवळ ठरलंय. गुंड्याचं तेवढं तुम्हीच बघा ना काहीतरी. मला खरंच शक्य नाही.’ मी म्हटलं, ‘मला नको सांगूस. त्याला सांग.’ तो आईचा नियम जाणत होता. फाटकाशी गेला, गुंड्यासमोर उकिडवा बसला, त्याच्याकडं नीट बघून म्हणाला, ‘सॉरी, बॉय.’ पाठीवर दोन थापा मारल्या, उठला, पँट झटकली आणि गाडीत जाऊन बसला. झालं. अन्वरभाईंसारखा माणूस ज्या ठिकाणी मोडून पडला, तिथून हा दोन शब्दांत पार झाला. तोंडावर सांगायला लागलं की माणसाला लाज वाटते, हे रमानं गृहीत धरलं होतं. तिचा हिशेब तिच्याच पोटच्या पोरानं चुकवला. गाडी मात्र त्यानं बराच वेळ सुरू केली नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. फोनवर बोलत असेल.

मग मी आणि गुंड्या. मी साखळी लावून ओढलं, तो जमिनीला चिकटून बसला. भाकरी, अंडं, अन्वरभाईंनी पाठवलेली हाडं, सगळं माझ्या दारात मांडून पाहिलं. तो रिक्षा गेली त्या दिशेला तोंड करून फाटकाशीच. उन्हात, तसाच. बरगड्या दिसायला लागल्या. आणि पुण्याहून फोन, ‘मावशी, ते कुत्रं तेवढं हलवा, नवे मालक माप घ्यायला येतायत.’ गुंड्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि मला ते जमेना. त्या स्टुलावर फाफललेल्या माणसांना मी वर्षानुवर्षं मनातून हसत आले, आणि एका बहिऱ्या कुत्र्यासमोर बसून मी नुसती त्याच्या डोक्यावरच्या माश्या हाकलत होते. नातेवाइकांना, शाळेतल्या जुन्या शिक्षिकांना मीच फोन करून कळवलं होतं, ‘साळवेबाई वारल्या.’ ते शब्द सहज तोंडातून गेले होते.

एका दुपारी शेवटी मी त्याचं तोंड हातांत धरलं. शाळेतली भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. ‘रमा मेली, गुंड्या,’ मी म्हणाले. ‘मेली ती. मला बी लई जड जायलंय. मला जनावराचं काय कळत नाय, पण जेवायला घालंन. चल घरी.’ तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. त्याला काय कळलं ते मला माहीत नाही. मला स्वतःचं बोलणं ऐकू आलं, आणि मग त्या फाटकाशी, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी मोठ्यानं रडले. दवाखान्यात रडले नव्हते, मांडवात रडले नव्हते. तो काही माझ्यामागं आला नाही. मी एकटीच घरी गेले.

नंतर नव्या मालकांची माणसं आली. त्यांनी जुनं फाटक उपटून टेम्पोत टाकलं आणि खांबांना पत्रे मारले. गुंड्या त्या पत्र्यांसमोर थोडा वेळ उभा राहिला. मग गल्ली ओलांडून हळूहळू माझ्याकडं आला, ओट्याच्या पायऱ्या एकेक करून चढला, वळला आणि पुन्हा तिकडं तोंड करून बसला. माझ्या ओट्यावरून रमाच्या घराची खिडकी आणि अर्धं अंगण दिसतं. आता तो थोडंफार खातो. परवा कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘गुंड्याला अखेर हक्काचं घर मिळालं,’ आणि खाली पुन्हा ते जोडलेले हात. मी ग्रुप सोडला. घरबिर काही मिळालेलं नाही त्याला. त्याचं घर समोर होतं, ते गेलं. माझंही निम्मं तिथंच होतं. दुपारी चहा घेऊन मी त्याच्याजवळ बसते, आणि आम्ही दोघं तिकडं बघत राहतो.